पेशंट बोलत नाही, डॉक्टर!

*एकच डिग्री, पण सकाळी बिबट्या, दुपारी बैल आणि संध्याकाळी क्लासरूम. जनावरांच्या डॉक्टरचं करिअर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा फारच हटके आहे. आणि ते शिकवणारं एक जुनं कॉलेज १८८६ मध्ये आपल्या परळमध्येच सुरू झालंय!*

२५ जानेवारी २०१९, शुक्रवार. नाशिकच्या गंगापूर रोडवरचं सावरकरनगर. बंगले, पार्क केलेल्या गाड्या आणि त्यांच्यामधून सुसाट पळणारा बिबट्या! ती क्लिप त्या दिवशी नाशिककरांच्या मोबाइलवर किती वेळा आली असेल याची गणतीच नाही. काही जण जखमी झाले. त्यात एक नगरसेवक होते आणि बातमी टिपायला गेलेले पत्रकारही. शेवटी बेशुद्ध करून बिबट्याला पकडलं आणि आपण सगळ्यांनी हुश्श केलं.

अशा क्लिपमध्ये आपल्याला बिबट्या दिसतो, गर्दी दिसते, काठ्या घेतलेले लोक दिसतात. एक माणूस मात्र बहुधा फ्रेमच्या बाहेरच राहतो. जनावरांचा डॉक्टर. आपल्या भाषेत, व्हेट.

व्हेट म्हटलं की तुमच्याआमच्या डोळ्यासमोर काय येतं? कॉलेज रोडवरचं एसी क्लिनिक, बाहेर बेंचवर बसलेलं लॅब्रॅडॉर आणि त्याच्यापेक्षा जास्त घाबरलेली त्याची ताई. तेही खरंच आहे. पण हीच डिग्री घेतलेला माणूस उसाच्या फडात, साखर कारखान्याच्या गाडीतळावर, घोडेबाजारात आणि कॉलेजच्या फळ्यासमोरही असतो. कधीकधी तर एकाच करिअरमध्ये या सगळ्या ठिकाणी!

ऑपरेशन थिएटर, तेही भर गर्दीत

माणसांच्या डॉक्टरकडे आपण जातो, 'इथे दुखतंय' म्हणून सांगतो, वजनकाट्यावर उभे राहतो. ॲनेस्थेशिया द्यायचा तर आधी चार टेस्ट होतात. आता हेच बिबट्याचं बघा. पेशंट जिन्याखाली दडलेला. वजन अंदाजाने ठरवायचं. पोटात काय आहे, कधी खाल्लंय, आधीच जखमी आहे का, काही म्हणजे काही माहीत नाही. आणि थिएटरच्या बाहेर (म्हणजे कंपाउंडवर!) दोनशे लोक शिट्ट्या मारतायत.

डोस कमी पडला तर अर्धवट भुलीतला बिबट्या उठून कोणावर तरी झेपावणार. जास्त झाला तर पेशंटचा श्वास जाणार. आणि सिनेमात दाखवतात तसा डार्ट लागल्याबरोबर प्राणी धाडकन कोसळत वगैरे नाही. औषध चढायला मिनिटं लागतात. आरडाओरडा चालू असेल, प्राणी बिथरलेला असेल तर आणखी जास्त. ती मिनिटं सगळ्यात धोक्याची.

आपल्याकडे यावर झालेलं काम वाचण्यासारखं आहे. व्हेट डॉ. अनिरुद्ध बेलसरे आणि बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांनी २०१० मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. जानेवारी २००३ ते एप्रिल २००८ या काळात ५५ जंगली बिबट्यांना बेशुद्ध केलं गेलं, त्याचा हा हिशोब. औषधं कोणती? झायलाझिन आणि केटामिन. परदेशातून मागवायची भारी औषधं नव्हेत, आपल्याकडे व्हेटच्या बॅगेत मिळतील अशीच. वजनाचा अंदाजच येत नसेल तर सुरुवातीचा ठरावीक डोस किती द्यायचा हेही त्यांनी मांडलं. त्या ५५ पैकी एकाही बिबट्याला पुढचा किमान महिनाभर तरी भुलीमुळे जिवावर बेतेल असा त्रास झाल्याचं आढळलं नाही.

बारीकसारीक गोष्टीही ऐका. केटामिनच्या भुलीत डोळे उघडेच राहतात. म्हणून डोळ्यांत मलम घालायचं, वर कापड टाकायचं, नाहीतर बुबुळ कोरडं पडतं. झायलाझिनचा असर उतरवायला उलट औषध आहे, केटामिनला तसं नाही. ते शरीरातून आपलंआपण उतरेपर्यंत थांबायचं. पेशंटला जाग येताना तुम्ही पिंजऱ्याच्या योग्य बाजूला असायचं, एवढंच!

उचलला, सोडला, मग पुढे?

पकडल्यावर बिबट्याचं करायचं काय? आपलं उत्तर ठरलेलं: 'लांब जंगलात नेऊन सोडा!' ऐकायला किती सोपं. जुन्नर भागात २००१ नंतर हेच मोठ्या प्रमाणावर करून बघितलं गेलं. त्याचा हिशोब २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो वाचून भलेभले चक्रावले. १९९३ ते २००१ या काळात तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे. बिबटे उचलून दुसरीकडे सोडायला लागल्यावर ही सरासरी १७ वर गेली. हल्ल्यांमध्ये माणूस दगावण्याचं प्रमाणही १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर पोचलं.

म्हणजे बेशुद्ध करण्यात काही चूक नव्हती. पण अनोळखी मुलखात फेकलेला, बिथरलेला प्राणी जास्त धोकादायक ठरतोय, असं या आकड्यांनी दाखवलं. बरं, तो तिथे थांबेल याची तरी काय गॅरंटी? 'आजोबा' आठवतोय? हो, २०१४ च्या उर्मिला मातोंडकरच्या सिनेमातला. तो खराखुरा बिबट्या होता. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळ (आताचा अहिल्यानगर जिल्हा) तो विहिरीत पडला. बाहेर काढून, गळ्यात जीपीएस कॉलर घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. पठ्ठ्या कसाऱ्याजवळून, आपल्या नाशिक-मुंबई प्रवासातल्या त्याच कसाऱ्याजवळून, रेल्वे आणि हायवे ओलांडत थेट मुंबईच्या बोरिवली नॅशनल पार्कच्या बाजूला पोचला. सव्वाशेच्या आसपास किलोमीटर! वाटेत कोणालाही ओरखडासुद्धा नाही. २०११ च्या अखेरीस एका वाहनाच्या धडकेत तो गेला.

तात्पर्य काय, तर वन्यजीवांच्या डॉक्टरचं काम इंजेक्शनवर संपत नाही. प्राणी कुठून आला, का आला आणि आता कुठे जाणार, हे कळल्याशिवाय केस क्लोज होत नाही.

परळचा तरुण प्रिन्सिपल

मग प्रश्न पडतो, हे सगळं एका माणसाला येणार कसं? याचं एक झकास उत्तर जुन्या मुंबईत सापडतं. त्याचं नाव जॉन हेन्री स्टील.

स्टीलचा जन्म १८५५ चा. व्हेट झाल्यावर त्याने लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजात शिकवलं, मग लष्कराच्या पशुवैद्यकीय खात्यातून हिंदुस्थान गाठला. त्या काळी लष्कराची 'ट्रान्सपोर्ट' म्हणजे काय? खेचरं, उंट, बैल आणि हत्ती. म्हणजे त्याच्या ओपीडीत हे सगळे पेशंट! स्टीलने त्यांच्यावर नुसते उपचार केले नाहीत, पुस्तकं लिहिली. १८८१ मध्ये बैलांच्या आजारांवर. १८८५ मध्ये हत्तींच्या आजारांवर आणि त्यांच्या देखभालीवर. पुढे कुत्री, मेंढ्या आणि उंट. शिवाय मद्रासहून निघणाऱ्या पशुवैद्यकाच्या त्रैमासिकाचं, फ्रेडरिक स्मिथ या सहकाऱ्याबरोबर, संपादन.

इकडे मुंबईत १८७४ मध्ये प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी संस्था सुरू झाली होती. तीच आजची बीएसपीसीए. सर दिनशॉ पेटिट यांनी पत्नीच्या नावाने परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं हॉस्पिटल उभं केलं. ट्रामचे घोडे, मालाच्या गाड्यांचे बैल, म्हणजे शहर ज्यांच्या पाठीवर चाललं होतं ते सगळे तिथले पेशंट. या हॉस्पिटलच्या शेजारी १८८६ मध्ये बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज सुरू झालं आणि पहिला प्रिन्सिपल झाला स्टील. वय? तिशी जेमतेम गाठलेली. आपल्यातले बरेच जण त्या वयात पहिल्या प्रमोशनची वाट बघत असतात!

कल्पना किती साधी आणि किती पुढची होती बघा. हॉस्पिटल आणि कॉलेज हाकेच्या अंतरावर. विद्यार्थी सकाळी जे पुस्तकात वाचेल ते दुपारी टांग्याच्या घोड्याच्या पायात बघेल. त्या घोड्याला बरं करतानाच त्याच्यावर किती ओझं लादलं जातंय तेही त्याला दिसेल. उपचार, शिक्षण आणि राबणाऱ्या जनावरांचं कल्याण ही आज आपल्याला तीन वेगळी करिअर्स वाटतात. परळच्या त्या आवारात ते एकच काम होतं.

स्टील १८९१ मध्ये गेला, वयाच्या पस्तिशीच्या आसपास. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सने त्याच्या नावाने पदक ठेवलं. त्याचं कॉलेज परळला आजही आहे.

एक जंतू, तीन डिपार्टमेंट

स्टीलच्या करिअरमधली एक केस मात्र थेट आपल्यापर्यंत येते. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या व्हेटला पंजाबात घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारा एक जीव दिसला. ताप, अशक्तपणा, खंगत जाणं आणि मरण. या रोगाला तिथले लोक 'सर्रा' म्हणत. काही वर्षांनी ब्रह्मदेशात लष्कराची खेचरं अशीच पटापट मरू लागली, तेव्हा तपासाला स्टीलला पाठवलं. १८८५ च्या अहवालात त्याने हा बहुधा इव्हान्सचाच सर्रा आहे हे ओळखलं आणि त्या जंतूला इव्हान्सचं नाव दिलं. जंतू नक्की कुठल्या गटातला याचा त्याचा अंदाज चुकला, तो पुढे सुधारला गेला. पण नाव टिकलं: ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी.

'खेचरांचा रोग, आपल्याला काय त्याचं!' असं वाटतंय ना? थांबा. जुलै २००० मध्ये ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात डझनभर वाघ पाठोपाठ दगावले. कारण निघालं हाच जंतू. रक्त पिणाऱ्या मोठ्या गोमाश्या तो एका जनावरातून दुसऱ्यात नेतात आणि गोमाशीला गोठा आणि पिंजरा यातला फरक कळत नाही.

त्याहून मोठा धक्का २००५ चा. विदर्भातल्या एका शेतकऱ्याला पुन्हापुन्हा ताप येत होता. नागपूरच्या डॉक्टरांना त्याच्या रक्तात हाच जीव सापडला. माणसाला ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी झाल्याची जगातली ही पहिली पक्की नोंद. माणसाच्या रक्तातलं एक प्रथिन एरवी या जंतूला मारतं. या शेतकऱ्याच्या रक्तात तेच काम करत नव्हतं, असा उलगडा पुढच्या वर्षी झाला. उपचारांनी तो बरा झाला.

लष्करी खेचर, प्राणिसंग्रहालयातला वाघ, विदर्भातला शेतकरी. जंतू एकच! आज सेमिनारमध्ये 'वन हेल्थ, वन हेल्थ' असं जे ऐकू येतं ना, त्याचा फंडा हाच. आणि आपल्या येवल्याच्या घोडेबाजारात किंवा नंदुरबारकडच्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा विकत घेणाऱ्याला सर्रा हा शब्द आजही नवा नाही.

बैलाची शिफ्ट किती तासांची?

आता जरा तुमच्या ऑफिसबद्दल बोलू. रोज किती तास काम करता? दहा? अकरा?

राबणाऱ्या जनावरांसाठी आपल्या देशात १९६५ चे नियम आहेत. ते सांगतात, दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही. सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, मध्ये विश्रांती हवीच. आणि पारा ३७ अंशांच्या वर गेला तर दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. कागदावर तरी बैलाची शिफ्ट आपल्यापेक्षा बरी आहे!

कागदावर. गळीत हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या साखर कारखान्याच्या गाडीतळावर जाऊन बघा. उसाने शिगोशिग भरलेल्या टायरगाड्यांची रांग. जू घासून घासून बैलाच्या मानेवर उठलेली खांदेसूज. डांबरी रस्त्यावर घासलेले खूर. वेसणीने फाटलेली नाकपुडी. सांगलीतून २००३ मध्ये सुरू झालेली 'ॲनिमल राहत' ही संस्था अशाच बैलांसाठी काम करते. तिचे व्हेट जागेवर फुकट उपचार करतात. पण त्यांच्या कामाचा मोठा भाग बोलण्याचा असतो. गाडीवानाशी, मालकाशी, कारखान्याशी. बैलांऐवजी ट्रॅक्टर लावता येईल का, इथपर्यंत.

कारण खांदेसुजेवर मलम लावणं हे पाच मिनिटांचं काम. उद्या तेच जू त्याच मानेवर येणार असेल तर त्या मलमाला अर्थ किती? पण गाडीवानाला खलनायक करूनही चालत नाही. बीडहून किंवा आपल्याच जिल्ह्याच्या कोरड्या भागातून उचल घेऊन निघालेलं ते कुटुंब. त्याच्या डोक्यावर कर्ज आहे. खेपा कमी केल्या तर उचल फिटत नाही. बैल आजारी पडला तर घरच बसतं. म्हणून शहाणा व्हेट बैलाला तपासतानाच मालकाचंही ऐकून घेतो.

गंमत म्हणजे आपल्या परंपरेला हे ठाऊक होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. बैलाचे खांदे शेकायचे, तूप-हळद चोळायची. वर्षभर जिथे जू बसलं नेमकी तीच जागा! प्रश्न उरलेल्या दिवसांचा आहे.

उसातली बाळं

पुन्हा नाशिककडे येऊ. निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या पट्ट्यात बिबट्या का वाढला? गोदावरी, दारणा, कादवेच्या पाण्यावर ऊस उभा राहतो तो वर्ष-दीड वर्ष. दाट, गार, निर्धास्त. आसपास कुत्री, डुकरं, शेळ्या. मादीला बाळंतपणाला यापेक्षा चांगली जागा कोणती? आणि मग तोडणी सुरू झाली की फडात मांजराएवढी पिल्लं सापडतात.

इथे व्हेटचं काम बघण्यासारखं असतं. पिल्लं तपासायची, गोचिडी काढायच्या, वजन, नर-मादी, मायक्रोचिप. मग एका क्रेटमध्ये ठेवून ती जिथे सापडली तिथेच, संध्याकाळी परत! वर कॅमेरा लावायचा आणि सगळ्यांनी लांब जायचं. बहुतेकदा रात्री आई येते आणि एकेक करून पिल्लं तोंडात धरून घेऊन जाते. पिल्लं उचलून नेली तर चवताळलेली मादी त्याच शिवारात फिरत राहते आणि सकाळी त्याच शिवारात कोयता घेऊन माणसं उतरणार असतात.

'पिल्लं इथेच ठेवायची' हे गावाला पटवणं डार्ट मारण्यापेक्षा अवघड. समोर ज्यांची शेळी गेलीय, ज्यांचं मूल अंगणात खेळतं, अशी माणसं असतात. काही गावांनी तर माणूस गमावलेला असतो. त्यांची भीती खरी आहे, तिला हसून चालत नाही. म्हणून हेच डॉक्टर शाळांमध्ये जातात, ऊसतोड मजुरांशी बोलतात: एकट्याने वाकून काम करू नका, अंधारात मुलांना एकटं सोडू नका, गोठा बंदिस्त करा. फळा-खडू नाही, पण हेही शिक्षणच. स्टीलने परळला जे आवार बांधलं ते इथे निफाडच्या बांधावर भरतं, एवढाच फरक.

व्हायचंय व्हेट?

* बारावी सायन्स (बायोलॉजीसह) आणि नीट. डिग्रीचं नाव बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं.
* राज्यात नागपूरचं 'माफसू' विद्यापीठ (स्थापना २०००). कॉलेजेस मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर, अकोला.
* वन्यजीवांकडे वळायचं तर नागपूरजवळ गोरेवाड्याला 'माफसू'चं वन्यजीव संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. नाशिकमध्ये म्हसरूळला वन विभागाचं वन्यजीव उपचार केंद्र आहे.
* सरकारी व्हेट बहुधा पशुसंवर्धन विभागात असतात. वन विभागात ते प्रतिनियुक्तीवर जातात. त्यामुळे गाई-म्हशींचा अनुभव वाया जात नाही, उलट तोच पाया असतो.

आणि तुमच्या कॉलनीत बिबट्या आला तर?

तुम्ही-आम्ही व्हेट नाही. पण पुढच्या वेळी तो गंगापूर रोडला किंवा आणखी कुठल्या कॉलनीत दिसला तर आपल्या हातात बरंच आहे. घरात जा, दार लावा. मुलांना, कुत्र्याला आत घ्या. वन विभागाला १९२६ वर फोन करा. त्याला पळायला एक बाजू मोकळी ठेवा. गच्चीवरून ओरडू नका, दगड तर अजिबात नको. आणि प्लीज, मोबाइल घेऊन खाली उतरू नका!

डार्ट लागल्यापासून भूल चढेपर्यंतची ती काही मिनिटं शांत मिळाली, तर पेशंट वाचतो, डॉक्टर वाचतो आणि शेजारचे काकाही. क्लिप काय, कोणीतरी पाठवेलच.